गोळी कुठं थांबते

१८६७ साली मुंबईकडून आलेली आगगाडी पहिल्यांदा नागपुरात पोचली. ती ज्या मार्गानं आली, तो मार्ग आज मनीषनगरला चिकटून जातो. वर्धा रोडवरून मनीषनगरात शिरायचं तर रूळ ओलांडावेच लागतात, आणि पूल होण्याआधी तिथल्या फाटकावर आपलं किती आयुष्य गेलं ते जुन्या रहिवाशांना विचारावं. १८६७त इथं वसाहत नव्हती, शेतं होती. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आणि दक्षिणेला चांद्यापर्यंत वाघाचं रान होतं. या रुळांवरून कापूस मुंबईला जाऊ लागला. उलट दिशेनं जे सामान येऊ लागलं, त्यात लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या बंदुकाही होत्या.

त्याच वर्षी लंडनमध्ये एका छोट्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली: ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’. लेखक जेम्स फोर्साइथ. जन्म १८३८चा, हुद्दा बंगाल स्टाफ कोअरमधला, नोकरी मध्य प्रांतात. हा प्रांत १८६१ साली नव्यानं जोडला गेला होता, नागपूर त्याची राजधानी होती आणि रिचर्ड टेंपल त्याचा चीफ कमिशनर होता. टेंपलच्या कारकिर्दीत १८६३ साली नागपुरात अजब बंगला हे संग्रहालय सुरू झालं. फोर्साइथच्या पुस्तकाची पहिली आवृत्तीही त्याच सुमाराची. म्हणजे प्रांताच्या राजधानीत मेलेल्या जनावरांचा संग्रह मांडला जात होता आणि प्रांताचाच एक पंचविशीतला अधिकारी ती कशानं मारावीत याचं गणित लिहीत होता.

फोर्साइथचं नाव आज निघतं ते पचमढीमुळं. १८६२ साली तो त्या पठारावर गेला, तिथं त्यानं ‘बायसन लॉज’ बांधलं, आणि त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच वर्षी झालेल्या त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. चौतिशीही न गाठलेला माणूस. त्याचं गोंड-कोरकूंविषयीचं लिखाण अजून वाचलं जातं, पण बंदुकीवरचं पुस्तक फक्त बंदुकीचे शौकीन उघडतात. मला ते दुसऱ्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. मोठ्या जनावराला गोळी लागल्यावर नेमकं काय होतं, हा प्रश्न त्यात शिकाऱ्याच्या फुशारकीतून सुटून कागद-पेन्सिलीवर आलेला दिसतो.

त्यासाठी आधी ‘बोर’चा हिशेब समजला पाहिजे. बारा बोरची बंदूक हे शब्द आपल्याकडे पोलीस पाटलालाही पाठ असतात. त्याचा अर्थ एवढाच, की त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणजे एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, व्यास साडेअठरा मिलिमीटर. आकडा लहान होईल तशी गोळी मोठी. आठ बोरची गोळी ५७ ग्रॅम भरते, आणि चार बोरची, निदान कागदावर, ११३ ग्रॅम. सॅम्युएल बेकर हा इंग्रज शिकारी सिलोनात ज्या रायफलनं हत्ती मारत असे, ती साडेनऊ किलोची होती आणि एका बाराला तिच्यात २८ ग्रॅम दारू ठासावी लागे. गोल गोळीचं वजन वाढवायचं तर नळी रुंद करण्यावाचून इलाज नव्हता, आणि नळी रुंद झाली की बंदूक उचलायला दुसरा माणूस लागायचा.

फोर्साइथ लिहीत होता तेव्हा सैन्यात वेगळीच हवा होती. लांबट, टोकदार गोळीची एनफिल्ड रायफल १८५३पासून आली होती. (तिची काडतुसं १८५७त कशी गाजली ते सांगायला नको.) ही गोळी लांबवर जाई, हजार यार्डांच्या गप्पा मारता येत. शिकाऱ्यांनीही तोच नमुना उचलला. फोर्साइथचं म्हणणं असं, की सैनिकाची गरज आणि शिकाऱ्याची गरज एक नाही. मध्य प्रांतातल्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे जनावर दिसतं तरी कुठं? वाघ बांबूच्या बेटातून निघतो तो चाळीस-पन्नास पावलांवर. गवा उतारावर उभा दिसला तर अंतर ऐंशी की एकशेवीस, हे ठरवायला वेळ नसतो.

इथं गोळीचा वेग कामाला येतो, आणि तो सुरुवातीला ऊर्जेसाठी नाही तर नेमासाठी. एनफिल्डची गोळी नळीतून सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास सुटे. शंभर यार्ड जायला तिला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेखाली सुमारे दोन फूट उतरते. अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी चुकला, की काळजाचा नेम पोटात जातो. आता गोल गोळीमागे भरपूर दारू घालून तिला सेकंदाला पावणेपाचशे मीटरवर सोडली, तर तेवढ्याच अंतरात ती नऊ-दहा इंचच उतरते. मग शिकाऱ्यानं अंतर मोजायचं नाही, नुसती माशी खांद्यावर धरायची आणि घोडा ओढायचा.

अडचण होती ती नळीतल्या आट्यांची. आटे गोळीला गरगर फिरवतात म्हणून ती सरळ जाते. पण आटे आवळ असले आणि मागून दारूचा रेटा जबर असला, तर मऊ शिशाची गोळी आटे धरतच नाही, खरवडून सरळ बाहेर पडते आणि भलतीकडे जाते. म्हणून कारागीर दारू कमी घालायला सांगत. फोर्साइथनं उलटा विचार केला. गोल गोळी स्थिर राहायला फार फिरावं लागत नाही, मग आटेच सैल करा. चौदा बोरच्या नळीला १०४ इंचांत एकच फेरा, म्हणजे नळीच्या लांबीत पाव फेरा-बिरा. आता हवी तेवढी दारू घाला. मोठा गोळा, मोठा वेग, सपाट वाट आणि समोर रुंद जखम, हा त्याचा सिद्धांत. टोकदार गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर तसंच जंगलात शिरतं, ही त्याची तक्रार होती.

सिद्धांत बरोबर होता, पण त्याचं आयुष्य जेमतेम दहा वर्षांचं निघालं. ठासणीच्या बंदुका जाऊन मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि त्यांच्याबरोबर आली ‘एक्सप्रेस’ रायफल. हे नाव रेल्वेतूनच आलेलं. पर्डी या लंडनच्या कारागिरानं १८५६ साली आपल्या नव्या रायफलला ‘एक्सप्रेस ट्रेन’ म्हटलं होतं. कल्पना अशी: गोळी लांबट, पण हलकी, टोकाला पोकळ, त्या पोकळीत तांब्याची नळी, मागे दारू ठासून. वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या पुढे. हरणावर, चितळावर, सांबरावर ही गोळी फारच जालीम ठरली. आत शिरताच पोकळ टोक फुटे आणि गोळीचे तुकडे फुफ्फुसांच्या चिंध्या करत. १८७० आणि ८०च्या दशकांत मध्य प्रांतातल्या तरुण अधिकाऱ्याला .४५० किंवा .५०० इंच व्यासाची एक्सप्रेस हवीच असे.

मग तीच गोळी वाघावर आणि गव्यावर चालवली गेली. मध्य प्रांतातल्या नर वाघांची मोजमापं वनखात्यातल्या डनबर ब्रँडरनं पुढे १९२३ च्या पुस्तकात दिली आहेत, त्यात सरासरी वजन सुमारे ४२० पौंड, म्हणजे १९० किलो. गव्याचा नर नऊशे-हजार किलोचा, खांद्यावर स्नायूंचा उंचवटा, त्याखाली फळीसारखं हाड. पोकळ गोळी तिथं आदळली की बाहेरच फुटे. कातडीवर भयानक दिसणारी, थाळीएवढी जखम होई आणि जनावर त्या जखमेसकट मैल-दोन मैल चालत जाई. कागदावर हिशेब केला तर ऊर्जा भरपूर होती. ती सगळी चार बोटांच्या मांसात खर्च झाली होती.

यावर सगळ्यांत ठाशीव बोलला तो बेकरच. आफ्रिकेत नाईलच्या उगमाचा शोध घेऊन, सर होऊन, म्हातारपणी तो हिंदुस्थानात येऊन शिकार करत असे. मध्य प्रांतातही त्यानं वाघ मारले. १८९० साली त्याचं ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’ आलं, त्याची सुरुवातच बंदुकीच्या प्रकरणानं होते. त्याची लाडकी रायफल .५७७ ची, गोळी ४२ ग्रॅमची, शुद्ध मऊ शिशाची, भरीव. बेकरचा आग्रह असा, की वाघाच्या एका खांद्यात शिरलेली गोळी आत चपटी होत, अळंबीसारखी पसरत, पलीकडच्या कातडीखाली जाऊन थांबली पाहिजे. अलीकडे फुटली तर शक्ती बाहेर वाया गेली, आरपार गेली तर उरलेली शक्ती मागच्या झाडात गेली. मला वाटतं, त्या शतकातल्या सगळ्या वादांत कामाचं वाक्य हेच. गोळी किती मोठी, किती वेगवान, याआधी ती कुठं थांबते ते विचारा.

बेकर स्वतः काही नेमस्त माणूस नव्हता. त्यानं अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी एक बंदूक करवून घेतली होती. तिला तो ‘बेबी’ म्हणे, त्याच्या अरब नोकरांनी तिचं नाव ‘तोफेचं पोर’ ठेवलं होतं. ती झाडली, की जनावर पडे आणि बेकर जागच्या जागी गरकन फिरे. ती हाताळायची त्यालाही भीती वाटे, हे त्यानंच लिहिलं आहे.

बेकरचं हे फिरणं शिकारकथांमधली एक जुनी थाप उघडी पाडतं. गोळीच्या तडाख्यानं वाघ हवेत उडाला, मागे फेकला गेला, असं आपण कितीदा वाचतो. न्यूटनला हे मान्य नाही. बंदूक गोळीला जेवढा संवेग देते, तेवढाच धक्का खांद्यावर येतो; गोळी वाघाला फेकू शकली असती तर तिनं आधी शिकाऱ्याला फेकलं असतं. आकडेच घ्या. पुढच्या काळातली जबर .४५० नायट्रो एक्सप्रेस: गोळी ३१ ग्रॅम, वेग सेकंदाला ६५५ मीटर, ऊर्जा सुमारे ६,७०० जूल. ही गोळी १९० किलोच्या वाघात रुतून थांबली, तर वाघाला मागे ढकलणारा वेग येतो सेकंदाला अकरा सेंटिमीटरच्या आत. उलट ताशी पन्नास किलोमीटरनं अंगावर येणाऱ्या वाघाची स्वतःची ऊर्जा अठरा हजार जूलांवर असते. त्याच्या संवेगातला शंभरावा हिस्साही गोळी खाऊ शकत नाही. वाघ जागीच कोसळतो तो मेंदू किंवा मणका तुटल्यामुळं, नाहीतर पुढच्या पायाचं हाड मोडल्यामुळं. काळजातून गोळी गेली तरी मेंदूत उरलेल्या रक्तावर तो काही सेकंद शुद्धीत राहतो. दहा सेकंद म्हणा. चाळीस मीटर यायला त्याला तीन पुरतात.

या उरलेल्या सात सेकंदांची किंमत कोण देत होतं? पुस्तकांत शिकारी माचाणावर किंवा हत्तीच्या हौद्यात असतो. जमिनीवर असतो तो हाकारा. सातपुड्यात गोंड आणि कोरकू, बालाघाट-मंडल्यात बैगा, चांद्याकडे माडिया. पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त माणसं डबे-ढोल वाजवत वाघाला बंदुकीकडे रेटत नेत, काही आण्यांच्या रोजावर. जखमी वाघ झाडीत शिरला की रक्ताचा माग काढायलाही त्यांच्यातलाच कोणी पुढे. साहेबाची गोळी कातडीवर फुटली हे कळायचं ते असं. वाघाची लांबी खुंट्या ठोकून इंचांपर्यंत मोजलेली सापडते, पण माग काढणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी नुसतं ‘माझा गोंड’ एवढंच. जखमी वाघ नीट शिकार करू शकत नाही, मग ढोराकडे आणि क्वचित माणसाकडे वळतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. रायफलींच्या त्या चर्चेतला ‘कमी भेदकता’ हा कोरडा शब्द गावात असा उतरत असे.

गावकऱ्याकडे स्वतःची बंदूक असली तर ती तोड्याची, पीक राखायची. तीही १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणातून आणि व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यातून वाचलेली. या कायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्या माणसाला त्यातून सूट दिली. त्यामुळं गोळीच्या वजन-वेगाचा सगळा प्रयोग एकाच वर्गाच्या हातात राहिला आणि त्याची टिपणंही त्याच वर्गानं लिहिली. तोड्याच्या बंदुकीनं रानडुक्कर पाडणाऱ्या गोंडाला किती अंतरावरून, कुठं मारायचं याचं ज्ञान कमी होतं असं मानायला काही आधार नाही. त्याला छापखाना मिळाला नाही.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू केली आणि १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट. काळ्या दारूचा वेग साधारण सहाशे मीटरच्या आत अडकलेला असे, तो बांध फुटला. नळी बारीक झाली, गोळीला तांबं-निकेलचं कवच चढलं. इथं एक मजेदार योगायोग घडतो. जुनी लष्करी मार्टिनी-हेन्री रायफल ३१ ग्रॅमची शिशाची गोळी ४११ मीटर वेगानं फेकी, ऊर्जा सुमारे २,६०० जूल. तिच्या जागी आलेली .३०३ ची ली-मेटफर्ड १४ ग्रॅमची गोळी ६१० मीटरनं फेकू लागली, आणि ऊर्जा पुन्हा सुमारे २,६००. निम्म्याहून हलकी गोळी, दीडपट वेग, जूल तेवढेच. कारण ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. मग दोन्ही सारख्याच परिणामाच्या म्हणायच्या?

सरहद्दीवर लढणाऱ्या सैनिकांनी नाही म्हटलं. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत कवचाची गोळी आरपार जाते आणि धावून येणारा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यानं गोळीच्या टोकावरचं कवच थोडं मागे घेऊन शिसं उघडं ठेवलं. आत शिरल्यावर ती पसरे. हीच डमडम गोळी. माणसावर ती वापरणं १८९९ च्या हेग परिषदेनं निषिद्ध ठरवलं. जनावरासाठी मात्र उघड्या टोकाची गोळीच योग्य मानली गेली, कारण ती लवकर मारते. एकाच गोळीला युद्धात क्रूर आणि शिकारीत दयाळू ठरवणारं हे तर्कशास्त्र विचित्र वाटतं, पण भौतिकशास्त्राच्या अंगानं त्यात विसंगती नाही: दोन्हीकडे प्रश्न गोळी आत थांबते की पार जाते, हाच.

१८९८ साली रिग्बीनं वर सांगितलेली .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली. मार्टिनी-हेन्रीचं वजन आणि बिनधुरी दारूचा वेग, दोन्ही एकत्र. मोठ्या जनावरांच्या शिकारीतलं कोडं आता सुटलं असं वाटत होतं. ते अडलं सरकारी फायलीत. मार्टिनी-हेन्रीचा बोरही .४५०. बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या लष्करी बंदुकांना साहेब लोकांच्या शिकारी गोळ्या लागू पडतील, या भीतीनं १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोरवर बंदी आली. लंडनच्या कारागिरांची धांदल उडाली आणि एकामागून एक .४६५, .४७०, .४७५ अशी बोरं निघाली. परिणामात त्यांच्यात फरक शोधावा लागेल इतका थोडा. पुढे आफ्रिकेपर्यंत प्रसिद्ध झालेली .४७० ही हत्तीच्या कवटीचा विचार करून जन्माला आली नाही, हिंदुस्थानच्या गृहखात्याचा विचार करून आली. राजे-रजवाड्यांच्या शस्त्रागारांत ती मानानं मांडलेली दिसते, तिथं हे कुणी सांगत नाही.

तोवर दुसऱ्या टोकाला एक माणूस सगळी कोष्टकं मोडीत काढत होता. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा स्कॉटिश हस्तिदंत-शिकारी पूर्व आफ्रिकेत हजाराच्या घरात हत्ती मारून आला, आणि त्यातले बहुसंख्य .२७५ रिग्बी, म्हणजे ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलनं. गोळी अकरा ग्रॅमची, पूर्ण कवचाची, लांब आणि सडपातळ. ऊर्जा पुन्हा त्याच सव्वीसशे-सत्तावीसशे जूलांच्या घरात! पण व्यासाच्या मानानं लांब असल्यानं ती हत्तीच्या कवटीतून सरळ वाट काढे आणि बेलला मेंदू नेमका कुठं असतो ते पाठ होतं. त्यानं हत्तीच्या कवट्या करवतीनं कापून पाहिल्या होत्या. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर १९०७ साली बक्षीस मिळाली तीही .२७५ रिग्बीच, आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये तिनंच पडला. बेलचं अनुकरण करायला गेलेले काही लोक हत्तीच्या पायाखाली गेले. मग १९४८ मध्ये जॉन टेलर या शिकाऱ्यानं वजन, वेग आणि व्यास यांचा साधा गुणाकार करून ‘नॉक-आउट’ आकडा सुचवला. त्यात वेगाचा वर्ग नाही, म्हणून जड गोळीचं पारडं झुकतं. शिकाऱ्यांत तो अजून चालतो. भौतिकशास्त्रात त्याला काही अर्थ नाही. अनुभवाला आकड्याचा अंगरखा घातला एवढंच.

पण मध्य प्रांताच्या इतिहासात गोळी कुठं थांबते याचं सगळ्यांत दुःखद उत्तर हत्तीनं किंवा वाघानं दिलेलं नाही. १९४७ साली आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव रात्री मोटारीतून जात होते. दिव्याच्या झोतात तीन नर चित्ते दिसले, एकाच वेतातले असावेत असे. ही शिकार बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंदली गेली. त्या नोंदीप्रमाणे पहिल्या गोळीनं एक पडला. दुसरी गोळी दुसऱ्याच्या अंगातून पार जाऊन मागे बसलेल्या तिसऱ्याला लागली आणि तोही मेला. चित्ता पन्नास किलोच्या आतबाहेर, अंगानं ग्रेहाउंडसारखा शिडशिडीत. गोळीला त्यात थांबायला जागाच नव्हती. बेकर जिला वाया गेलेली शक्ती म्हणाला असता, तिनं भारतातल्या मूळच्या चित्त्यांपैकी शेवटच्या नोंदलेल्यांतला एक मारला. जर्नलच्या संपादकांनी नोंद छापली आणि खाली कडक शब्दांत नापसंतीही छापली.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही मनीषनगरातून सकाळी निघून दुपारच्या सफारीला पोचता येईल अशी रानं; वर्धा रोडच्या चहाच्या टपरीवर शिकारीच्या गोष्टी ऐकू येतात त्या आता आजोबांच्या नावावर. बारा बोरची बंदूक भिंतीवर, परवान्याचं नूतनीकरण ही डोकेदुखी.

बंदुकीचं गणित मात्र वनखात्याच्या बचाव पथकात शिल्लक आहे, फक्त उलटं झालेलं. भूल देणाऱ्या बंदुकीतून सुटणाऱ्या डार्टची ऊर्जा साधारण दहा ते तीस जूल, म्हणजे मार्टिनीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. डार्ट खांद्याच्या किंवा मांडीच्या जाड स्नायूत सुईभर शिरून तिथंच थांबला पाहिजे. वायूचा दाब कमी पडला तर तो आपटून खाली पडतो, जास्त झाला तर हाड मोडतो किंवा पोटात घुसतो. म्हणून नेम धरण्याआधी अंतर मोजायचं आणि कोष्टकात पाहून दाब लावायचा. जनावराचं वजनही आधी डोळ्यांनी अंदाजायचं, कारण झायलाझीन-केटामीनची मात्रा त्यावर ठरते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे अवनी वाघीण गोळीनं मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. तिचं शव नागपूरला गोरेवाड्यात आणलं, आणि शवविच्छेदनानंतर राज्यभर वाद पेटला तो दोन गोष्टींवर: गोळी कोणत्या बाजूनं शिरली, आणि अंगात सापडलेला डार्ट खरंच बंदुकीतून सुटून तिथं थांबला होता का. दीडशे वर्षांपूर्वी शिकारी हौसेनं भांडत होते, तेच प्रश्न आता पशुवैद्य आणि वकील सोडवत होते.

डार्ट लागल्यावरही वाघ लगेच आडवा होत नाही. पाच-दहा मिनिटं, कधी जास्त, तो चालत राहतो. शेतात बिबट्या किंवा वाघ अडकला की तेवढ्या वेळात आसपासच्या चार गावांची माणसं मोबाइल काढून बांधावर उभी राहतात. वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर काठ्या आडव्या धरून त्यांना थोपवत असतात. त्यांतले कित्येक ज्या गावांतून पूर्वी हाकारे येत त्याच गावांचे. काम मात्र नेमकं उलटं: जनावर जागेवर राहू द्यायचं आणि माणसं मागे रेटायची.